टिक्कीत काय घातलं होतं

देवपूर, धुळे
१८ फेब्रुवारी २०२५

भूमिका,

हितेंद्ररावांनी पाठवलेली केळी मिळाली. खोक्यात वरच तुझी चिठ्ठी होती. "आईला तू टिक्की करून द्यायचीस ती कशी करायची, लिहून पाठव. सोयाबीनची होती म्हणते. मी दोनदा केली, तिनं अर्धी टाकली." वर नाव नाही, खाली सही नाही. तरी मी ती पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलंस ते हे पहिल्यांदाच.

फोनवरच सांगितलं असतं, पण तू उचलत नाहीस. मेसेज केला तर तुझी पोरं तो आजीला मोठ्यानं वाचून दाखवतात, हे आईनंच मला सांगितलंय. म्हणून कागद.

तर कृती. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजव, घट्ट पिळ, मिक्सरमधून काढ. त्यात आलं, लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर आणि बांधायला मूठभर डाळ्याचं पीठ. तळहातापेक्षा लहान चपट्या टिक्क्या थाप आणि तव्यावर चमचाभर तेलात मंद भाज. झाकण ठेव, म्हणजे आत ओल्या राहतात. सोबत काकडी, टोमॅटो, थोडा मुळा बारीक चिरून, लिंबू पिळून, दाण्याचा कूट घालून. बस, माझ्याकडे असताना एवढंच तिचं संध्याकाळचं जेवण असायचं. डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळी हलकंच द्या. मी ऑफिसातून साडेपाचला यायचे, साडेसहाला तिचं ताट तयार असायचं.

आईची ऑपरेशनची जखम आता पूर्ण कोरडी आहे ना? वॉकरनं ओट्यापर्यंत जाते का? कळव. न कळवलंस तरी समजेन.

दिपमाला


देवपूर
९ मार्च

भूमिका,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. बरं केलंस. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला.

सोयाबीन कुठल्या दुकानातलं, ते मला आठवत नाही. कुठलंही चालतं. वड्या जास्त पिळल्या गेल्या असतील, म्हणून कोरड्या झाल्या. थोडं कच्चं केळं उकडून घालून बघ, तुमच्याकडे फैजपुरात त्याला काय तोटा. मऊ होतील.

पण तू जे शेवटी लिहिलंस, त्यावर काय लिहू? "अठरा वर्षं मी तिचं करते. तिचे उपास, तिच्या एकादश्या, तिचं सोवळं सांभाळते. आता ती ताट सरकवते आणि म्हणते, दिपाच्या हातची चव न्यारी. माझ्या हाताला काय झालं, अक्का?"

तू मला अक्का म्हणालीस. आणि ते हे विचारायला म्हणालीस.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही. लहानपणापासून तुझा हात माझ्यापेक्षा चांगला, हे आईनंच कितीदा म्हटलंय. म्हातारं माणूस आहे, चार दिवस दुसऱ्या घरचं खाल्लं की त्याचं कौतुक वाटतं. मनाला लावून घेऊ नकोस. केळं घालून बघ.

दिपमाला


देवपूर
१६ मार्च

भूमिका,

केळं घालू नकोस. काहीच करू नकोस. हे पत्र एकटी असताना वाच आणि आई घरात असेल तर आधी मळ्यात जा.

त्या टिक्क्यांत सोयाबीन नव्हतं. कोंबडीचं मांस होतं.

तू नोव्हेंबरात आईला आमच्या दारात सोडलंस तेव्हा उंबऱ्यावरच मला म्हणालीस, आई आहे तोवर या घरात अंडंसुद्धा शिजायचं नाही, शपथ घे. मी घेतली. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन इथं झालं ते केवळ योगराजचा वर्गमित्र डॉक्टर म्हणून. नाहीतर माळ घातलेली आई माझ्या घराचं पाणी तरी प्यायली असती का? आबा गेले तेव्हा दहाव्याला मी आले होते तर तिनं मला बाहेरच्या पंगतीला बसवलं होतं. तुला आठवत असेल. तूच वाढत होतीस.

एवढं असून मी शपथ मोडली, ते कसं झालं ते सांगते. तिसऱ्या आठवड्यात जखम ओली राहायला लागली. पाठीला फोड आले. डॉक्टर म्हणाले, अंगात प्रथिनं नाहीत, अंडी द्या, नाहीतर पनीर, डाळी, दूध. दुधानं तिचं पोट बिघडायचं. पनीर ओकून टाकलं. डाळीनं पोट फुगायचं आणि त्या दुखण्यात तिला कूस बदलता यायची नाही. डब्यातली पावडर दिली तर ओठ मिटून बसायची. बेचाळीस किलोची अडतीस झाली. ड्रेसिंगला नर्स यायची, ती मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, ताई, असंच चाललं तर अवघड आहे.

योगराज आणि आमची लेक पुनम बाहेर जेवून यायचे, घरात तसलं काही शिजवत नव्हतो. एके दिवशी पुनमला ताप होता, तिच्यासाठी योगराजनं मागच्या अंगणात छोट्या गॅसवर चिकनच्या टिक्क्या केल्या. डिश ओट्यावर राहिली. मी आईचं ताट वाढलं, त्यात चुकून तिकडची एक गेली. लक्षात आलं तोवर आईनं ती संपवली होती आणि म्हणाली, अजून आहे का वं?

करोनानंतर आईचं नाक गेलंय, तुला माहीत आहे. तिला वास कळला नाही. चव तिनं जन्मात घेतलेली नव्हती, ओळखणार कशी?

मी अजून एक दिली. मग पुढे देत गेले. चाळीस दिवस. एकादशी आणि गुरुवार सोडून.

हे वाचून तू मला जे म्हणायचं ते म्हण. तुझ्या हातात काही कमी नाही, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

दिपमाला


देवपूर
४ एप्रिल

भूमी,

तुझं उत्तर यायला दोन आठवडे लागले. पाकीट फोडायला मला दोन दिवस लागले.

मला वाटलं होतं तू शिव्या देशील. तू लिहिलंस, "झालं ते झालं. आईला कधीही कळता कामा नये. शहात्तर वर्षांची आहे, तिला सुखानं जाऊ दे. आता तू गप्प बस, अक्का, मी पण गप्प बसते." माळेचे नियम इतके कडक पाळणारी तू, आणि तू हे म्हणतेस. वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. योगराजला दाखवलं. तो म्हणाला, "भूमिका शहानी शे. आते इसरी जा." दोन दिवस मी खरंच विसरले.

पण मागच्या पत्रात मी तुझ्याशी पुन्हा खोटं बोलले आहे. चुकून काही गेलं नव्हतं.

पुनमला ताप होता हे खरं. योगराजनं टिक्क्या अंगणात केल्या हेही खरं. आईनं त्या दिवशी सकाळपासून दोन चमचे पेज घेतली होती. मी ऑफिसातून आले, हात धुतले, तिच्यासाठी काकडी चिरली. मग अंगणात गेले आणि स्वतःच्या हातानं दोन टिक्क्या उचलून तिच्या ताटात ठेवल्या. योगराजनं माझा हात धरला होता. म्हणाला, "तिले इचार तं खरी." मी हात सोडवून घेतला. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. मला ते "नाही" ऐकायचं नव्हतं.

आईनं विचारलं, कशाची आहे? मी म्हटलं, सोयाबीनची. एवढं सोपं होतं.

आणखी एक. तू कदाचित मनात म्हणत असशील की निदान जखम तरी भरली. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात औषध बदललं होतं. जखम औषधानं भरली की टिक्कीनं, हे मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण औषधानं भरली म्हणाले असते तर माझ्याजवळ काहीच उरलं नसतं.

आणि जखम डिसेंबरअखेर कोरडी झाली. आई जानेवारीच्या शेवटापर्यंत माझ्याकडे होती. मग मी पुढचा महिनाभर का देत राहिले?

ते असं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं ताट रिकामं केलं, माझा हात तिच्या हातात घेतला आणि म्हणाली, "दिपा, तुह्या हाताले चव आहे. मी एवढी वर्सं उपाशी राह्यली." एकवीस वर्षांनी, भूमी. त्यानंतर तिनं हे पुन्हा म्हणावं म्हणून मी काहीही खाऊ घातलं असतं. संध्याकाळी साडेपाचला मी रिक्षातून उतरून धावत दारच्या पायऱ्या चढायचे, ते तिच्या तब्येतीसाठी नव्हे.

तू मला शहाणपणानं माफ करत होतीस, पण ते चुकीच्या गोष्टीसाठी करत होतीस. म्हणून लिहिलं.

दिपा


देवपूर
२७ एप्रिल

भूमी,

परवा तू भुसावळला लग्नाला गेली होतीस तेव्हा मी फैजपूरला येऊन गेले, हे तुला शेजारणीकडून कळलंच असेल. तू नसतानाच आले. मुद्दाम. तू असतीस तर मला बोलू दिलं नसतंस, आणि मीही त्याच आशेवर आले असते.

यायचं कारण तुझंच पत्र. तू सहज लिहिलंस की आईनं भजनी मंडळात सगळ्या बायकांना सांगितलं, माझी धुळ्याची पोर परक्या, माळ नसलेल्या घरात गेली पण तिनं माझी माळ राखली, तीन महिने घरात अंडं येऊ दिलं नाही. आणि माझ्या लग्नाच्या वेळी ज्या कौतिक महाराजांनी आपल्या घरी यायचं सोडलं होतं, त्यांनी ते ऐकून माझं नाव घेतलं. तू ते आनंदानं लिहिलं होतंस. आईनं माझ्यासाठी भांडून जागा मिळवली, आणि ती कशावर मिळवली!

आई ओट्यावर खुर्चीत बसून वाती वळत होती. मला बघून तिचं तोंड फुललं. म्हणाली, टिक्क्या आणल्या का? मी तिच्या पायाशी बसले. तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ऐकायला कमी येतं, म्हणून एक वाक्य दोनदा सांगावं लागलं. कोंबडीचं होतं, आई. कोंबडीचं.

ती ओरडली नाही, रडली नाही. वाती वळायची थांबली. मग हात मागं नेऊन तिनं गळ्यातली माळ काढायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, "तू नको." तिनं ती डोक्यावरून ओढून काढली आणि वातींच्या ताटलीत ठेवली.

मग मला म्हणाली, "मले इचारलं काबरं नही?"

मी म्हटलं, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

"हा. नही म्हन्ली अस्ती. मेली अस्ती त मेली अस्ती. पन ते मी ठरवलं अस्तं. तू मले लेकरू समजली."

मी म्हटलं, तू गेली असतीस तर मी काय केलं असतं?

"मंग तसं सांगाचं व्हतं," ती म्हणाली. "आई, माह्यासाठी खाय, असं म्हनाचं व्हतं. कोन जाने, खाल्लं बी अस्तं."

भूमी, या वाक्याचं काय करू ते मला कळत नाही. गाडीत बसले तेव्हापासून ते माझ्याबरोबर आहे. मी तिचं "नाही" एवढंच गृहीत धरलं होतं. ती हो म्हणू शकेल, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही.

मी तासभर बसले. ती पुन्हा वाती वळायला लागली. निघताना पाया पडले तर पाय मागं घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. तू येईपर्यंत तिनं काही खाल्लं होतं का? मला ते विचारायचा हक्क नाही, तरी विचारते.

दिपा


देवपूर
१९ जून

भूमी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. आईला मुक्ताईनगरला नेऊन आणलंस, बरं केलंस. कौतिक महाराज तिला समजावत होते की नकळत घडलेल्याचा दोष लागत नाही, आणि ती म्हणाली, मले पाप-पुन्य सांगू नका, नवी माळ द्या. हे तू लिहिलंस ते वाचताना तिचा आवाज ऐकू आला. भजनी मंडळातल्या बायकांनाही तिनं स्वतःच सांगितलं, मी सांगितलं होतं ते खोटं निघालं म्हणून. माझं नाव आता तिथं कोणी घेत नसेल. चालेल.

तू मला लिहिलंस, "मी तुझ्यावर चिडले आहे ते चिकनसाठी नाही, तू सांगून टाकलंस म्हणून. आता मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नाही, कारण मलाही माहीत होतं." बरोबर आहे. तुझ्या वाट्याला हे मी आणलं. तूही तिला सांग. मी सांगितलं, मला काही मरण आलं नाही.

आता इकडचं. हाडाचा फोटो काढायला हितेंद्रराव आईला सोमवारी सोडून गेले, तेव्हा मला वाटलं होतं ती दवाखान्यातूनच परत जाईल. ती घरी आली. सोबत पिशवी होती. त्यात तिचं पीठ, तिची डाळ, तिखट-मिठाच्या पुड्या, एक पातेलं, तवा. आल्या आल्या गॅसजवळ खुर्ची मागितली आणि बसून स्वतःचं स्वतः केलं. आमचं भांडं घेतलं नाही. पाणी मात्र आमच्या माठातलं घेतलं. योगराज तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माय, मी बी तठेच व्हतू. मन्ही बी चूक शे." ती त्याला म्हणाली, तुम्ही हात धरला होता ना तिचा? फैजपूरला सगळं सांगताना एवढं मी तिला सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस, म्हणजे तू बोललीस तिच्याशी. मी तुला विचारणार नाही काय बोललीस.

पहिले दोन दिवस असेच गेले. मी ऑफिसातून यायचे, पायऱ्या हळू चढायचे. ती तिचं जेवलेली असायची. आम्ही तिघं आमचं जेवायचो. एका स्वयंपाकघरात दोन चुली.

काल संध्याकाळी आले तर ती नुसतीच खुर्चीत बसून होती. तवा पिशवीतून काढला नव्हता. हात दुखतो म्हणाली. मी विचारलं, पुनमला करायला सांगू का? तिनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "काकडी आहे का?"

आहे, म्हटलं.

"चिर मंग. अठी बस, माह्यासमोर."

मी विळी घेऊन तिच्या खुर्चीपुढं खाली बसले. काकडी तिला दाखवली, सोलली, चिरली. टोमॅटो दाखवला, चिरला. लिंबू पिळलं. दाण्याच्या कुटाची बरणी घेतली तर म्हणाली, हे काय? कूट, म्हटलं. "दाखव." मी झाकण काढून बरणी तिच्या हातात दिली. तिनं चिमूट घेऊन चाखली, परत दिली. मिठाचं तसंच. माझी मान वर होत नव्हती. पुनम दारात उभी राहून बघत होती, तिला वाईट वाटत असावं, पण मला वाटत नव्हतं. एवढं सगळं विचारायची संधी मी तिला तेव्हा दिली नव्हती.

तिनं माझ्या हातचं खाल्लं. नुसती कोशिंबीर आणि तिच्याकडची शिळी पोळी. हाताला चव आहे, असं काही म्हणाली नाही. वाटी पुसून खाल्ली आणि मला म्हणाली, तूही बस. मी तिच्याजवळ बसून जेवले.

तिनं मला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. विचारायचा धीर नाही आणि तशी घाईही नाही. झोपायला जाताना एवढंच म्हणाली की उद्या सकाळची भाकरी तू टाक, मी अठीच बसते.

म्हणून आज ऑफिसला उशिरा जाते आहे. सकाळी ती आंघोळ करून, नवी माळ साडीवर काढून, खुर्चीत येऊन बसली. मी पिठाचा डबा खाली घेतला, झाकण काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं आत बघितलं, हात घातला, पीठ बोटांवर चोळलं आणि मान हलवली. मग मी परात घेतली.

दिपा